सात दिवस लाइट नाही, नळ नाही: घरच्या घरी काय उभं करता येतं?

पागोळी
शुक्रवार, रात्री ९:४०

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलं. त्यानंतर श्रीवर्धन, मुरुड, मंडणगड, दापोलीकडच्या कितीतरी गावांत कित्येक दिवस लाइट नव्हती. लाइट नाही म्हणजे पंप नाही आणि पंप नाही म्हणजे नळ नाही. ऑगस्ट २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली (धोक्याची पातळी ४५ फूट), तिथे तर चहूकडे पाणी आणि प्यायला घोटभर नाही अशी तऱ्हा.

म्हणून हिशेब साधा धरू. चार माणसं, सात दिवस, वीज नाही, नळ नाही, रस्ता बंद. डोळ्यांसमोर कोकणातलं कौलारू किंवा पत्र्याचं घर आहे. फ्लॅटवाल्यांनी आपली भर घालावी. जगबुडी, बंकर, अणुयुद्ध यांसाठी कृपया वेगळा धागा काढा.

क्रम माझ्या मते पाणी, उजेड, धान्य असा. बहुतेक घरांत तो उलटा असतो: आधी जनरेटर, मग मॅगीची खोकी, आणि पाणी म्हणजे "येईल की टँकर".

पाणी किती? पिण्या-रांधायला माणशी रोज ५ लिटर, आणि हातपाय, भांडी, संडास सगळं धरून माणशी १५ लिटर. चौघांचे सात दिवसांचे ४२० लिटर झाले. त्यातलं १४० लिटर पिण्याजोगं हवं, बाकीचं कसंही चालेल.

पावसाळ्यात हे पाणी डोक्यावरच पडत असतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. छपराची एकच बाजू घ्या, ६ मीटर बाय ४ मीटर, म्हणजे २४ चौरस मीटर. मोजताना उताराची लांबी धरायची नाही. भर दुपारी जमिनीवर जेवढी सावली पडेल तेवढंच धरायचं. कौलाला ०.८ आणि पत्र्याला ०.९ ने गुणा. हवामान खातं ज्याला जोरदार पाऊस म्हणतं त्याची सुरुवात २४ तासांत ६४.५ मिमीपासून होते. तेवढ्यात या एका बाजूवरून बाराशे लिटर उतरतात. दोनशे लिटरची तीन पिंपं असली तर तिन्ही भरून वाहतील.

पन्हळीसाठी १६० मिमीचा पीव्हीसी पाइप उभा चिरून दोन पन्हळी काढाव्यात. मीटरला १ सेंमी उतार पुरे. चिरलेला पाइप उन्हात तोंड मिटतो किंवा पसरतो, म्हणून दर ६० ते ७५ सेंमीवर ब्रॅकेट आणि मधे आडवी पट्टी. पन्हळ कौलाच्या ओठाखाली अशी सरकवायची की पागोळी मध्याच्या थोडी आत पडेल. मुसळधार पावसात धार लांब उडते, आणि बाहेरच्या कडेला लावलेली पन्हळ नेमकी त्याच दिवशी कोरडी राहते.

खडूस मिस्त्री
शुक्रवार, रात्री १०:२५

पन्हळीचं सगळं बरोबर, पण पहिलं पाणी सोडायची सोय सांगितली नाहीत तर पिंपात कावळ्याची शीट, शेवाळ आणि सडका पालाच जमणार. हिशेब असा: छपराच्या चौरस मीटरमागे किमान एक लिटर पहिलं पाणी बाजूला. तुमच्या २४ चौ.मी.ला २४ लिटर.

पन्हळीचं पाणी खाली आणणाऱ्या पाइपाला एक टी (तीन तोंडांचा जोड) बसवा. टीची आडवी शाखा पिंपाकडे. सरळ खाली जाणारी शाखा म्हणजे तळाशी बंद असलेला उभा पाइप. तो भरेपर्यंत घाण पाणी त्यात साठतं, भरला की पुढचं आपोआप आडवं पळतं. ११० मिमीच्या पाइपात मीटरला साडेआठ लिटरच मावतात, म्हणजे पावणेतीन मीटर उंची लागेल. बुटक्या घराला ती मिळत नाही. १६० मिमीच्या पाइपात मीटरला १८ लिटर मावतात, तो सव्वा ते दीड मीटर पुरतो. आत प्लॅस्टिकचा पोकळ चेंडू सोडा आणि वर टीपाशी रिड्यूसर (तोंड अरुंद करणारा जोड) बसवा. पाणी भरलं की चेंडू रिड्यूसरच्या तोंडात जाऊन बसतो आणि खालची घाण वरच्या पाण्यात मिसळत नाही. चेंडू रिड्यूसरच्या तोंडापेक्षा १०-१५ मिमी मोठा घ्यावा, नाहीतर तो आत अडकून बसतो.

तळाला चिकटवलेली एंड कॅप नको. आट्यांची घ्या, दर पंधरवड्याला उघडून गाळ काढावा लागतो.

तिरफळ
शुक्रवार, रात्री १०:५१

उभा पाइप पुढच्या सरीआधी रिकामा कसा होणार? शेतातला ८ लिटरवाला ड्रिपर तळाला लावला तर? घरात ढिगाने पडलेले असतात.

खडूस मिस्त्री
शुक्रवार, रात्री ११:०८

ड्रिपर नको. त्याचे ताशी ८ लिटर हे एक बारच्या, म्हणजे दहा मीटर पाण्याच्या दाबावरचे. तुमच्या सव्वा मीटरच्या दाबावर तो तासाला अडीच-तीन लिटरच सोडील, आणि कौलाच्या धुळीने दुसऱ्या दिवशी मुकाट बसेल.

३ मिमीचं भोक पाडलं तर पाइप अर्ध्या-पाऊण तासात रिकामा होतो, पण भरलेला असताना तासाला पाऊणशे लिटर घालवतो. २ मिमीचं भोक तासाला तीस-पस्तीस लिटर घालवतं, रिकामं व्हायला दीडेक तास लागतो. मात्र ते लवकर तुंबतं. सगळ्यात सरळ उपाय म्हणजे अर्ध्या इंचाचा बॉल व्हॉल्व्ह. लागोपाठ पाऊस असेल तर बंद ठेवा, दोन दिवस उघडीप पडली की उघडून रिकामा करा. हात लावायला लागतो खरा, पण घरात चार माणसं आहेत ना.

पिंपाबद्दल: निळी दोनशे लिटरची पिंपं भंगारवाल्याकडे स्वस्त मिळतात, पण आधी त्यात काय होतं ते विचारा. ॲसिड, रंग, कीटकनाशक असलेलं पिंप कितीही धुतलं तरी पिण्याला नाही. पाक, लोणचं, रस आलेलं चालतं. भरलेलं पिंप दोनशे किलोचं होतं, त्यामुळे खाली विटांचा पक्का ओटा. दोन फूट उंच ठेवला तर तोटीखाली कळशी बसते. ओव्हरफ्लोला आणि झाकणाच्या भोकाला डासांची जाळी बांधलीच पाहिजे. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

पागोळी
शनिवार, सकाळी ७:१५

चेंडूचं माप कामाचं आहे मिस्त्रीबुवा, धन्यवाद. आणि जुने ॲसबेस्टॉसचे सिमेंट पत्रे असतील तर ते पाणी संडास-भांड्यांपुरतंच ठेवा.

फ्लॅट नंबर ४०३
शनिवार, सकाळी ९:०२

आमच्याकडे छप्पर सोसायटीचं आणि पन्हळ कमिटीच्या मंजुरीची. आम्ही काय करायचं?

निवळी
शनिवार, सकाळी ११:३०

४०३, तुमच्यासाठी पागोळीताईंचा आकडाच सोयीचा पडतो. १४० लिटर म्हणजे २० लिटरचे सात जार, रोज एक. नळाचं क्लोरिनवालं पाणी धुतलेल्या जारमध्ये काठोकाठ भरा, अंधाऱ्या जागी ठेवा, महिन्याला एकदा झाडांना घालून नवं भरा. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी भरायला सुरुवात केली तर सप्टेंबरपर्यंत चार-पाच वेळाच उचलापाचल. वीज गेल्याबरोबर सोसायटीच्या वरच्या टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून वेळा ठरवून सोडणं हे मात्र कमिटीनेच करायचं काम आहे. नाहीतर पहिल्या दोन तासांत खालच्या मजल्यांवर बादल्या भरून टाकी कोरडी. जमिनीखालच्या टाकीत पुराचं पाणी शिरलं असेल तर ती उपसून, घासून, मग क्लोरिन.

आता विहीर. तिला ब्लीचिंग पावडर लागते, गावात टीसीएल पावडर म्हणतात तीच. चांगल्या पावडरीत साधारण २५ ते ३३ टक्के क्लोरिन असतं. नेहमीच्या शुद्धीकरणाला १००० लिटरला अडीच ग्रॅम. विहिरीतलं पाणी काढायची रीत: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले ३.१४, भागिले ४, आणि १००० ने गुणा. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर २८,२६० लिटर, म्हणजे ७० ग्रॅम पावडर.

पावडर थेट विहिरीत टाकणं ही नेहमीची चूक. बादलीत घ्या (एका बादलीत १०० ग्रॅमच्या वर नको), थोड्या पाण्यात शिरा करावा तशी दाट कालवा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा. पाच-दहा मिनिटांत चुना खाली बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओता, चुना फेकून द्या. तो विहिरीत गेला की पाणी जड होतं. आता ती बादली दोराने पाण्याखाली सोडा आणि जोरात वरखाली, आडवीतिडवी हिसके द्या. संध्याकाळी केलंत तर उत्तम, पण किमान एक तास कुणी पाणी काढायचं नाही. तासाने ओटी टेस्टला (पाण्यात उरलेलं क्लोरिन रंगावरून बघायची चाचणी) पिवळा रंग येऊन लिटरला ०.५ मिलिग्रॅम दाखवलं तर बरोबर. काहीच रंग आला नाही तर पावडर मेलेली आहे किंवा पाणी फार घाण आहे. उघडी पिशवी पावसाळी हवेत महिन्याभरात निकामी होते. प्लॅस्टिकच्या घट्ट डब्यात ठेवा, पत्र्याच्या नको, पत्रा खातं.

ही झाली रोजच्या विहिरीची मात्रा. पुराचं पाणी विहिरीत उतरलं असेल तर हा हिशेब लागू नाही. आधी उपसा, गाळ काढा, कठडा आतून घासा, पाणी परत चढू द्या. मग १००० लिटरला २०० ग्रॅम (२५ टक्क्यांची पावडर धरून), एक रात्र ठेवा, पूर्ण उपसा, आणि पुढच्या पाण्याला नेहमीची मात्रा. वरच्याच विहिरीला साडेपाच किलोच्या वर पावडर लागते, म्हणून "चिमूटभर टाकली होती की" याला अर्थ नाही. आणि विहिरीत उतरण्याआधी दिवा सोडून बघणं पुरेसं नाही. विषारी वायू असला तरी दिवा जळत राहू शकतो. पंप लावा, वरून बादलीने हवा खेळवा, माणूस दोर बांधूनच उतरवा.

पिंपाला अर्धा ग्रॅम कोण मोजणार? म्हणून एक टक्क्याचं द्रावण करून ठेवा. ३३ टक्क्यांची ३० ग्रॅम किंवा २५ टक्क्यांची ४० ग्रॅम पावडर एक लिटर पाण्यात, निवळ वरची घ्या, काळ्या बाटलीत. दोनशे लिटरच्या पिंपाला ४० मिली, बादलीला (२० लिटर) ४ मिली, अर्धा तास थांबा. बाटलीवर तारीख लिहा आणि आठवड्याने फेकून नवं करा.

तिरफळ
शनिवार, दुपारी १२:१०

कपडे धुण्याचं ब्लीच चालेल? ते कायम घरात असतं.

निवळी
शनिवार, दुपारी १:४५

वास, रंग, साबण घातलेलं नको. साधं सोडियम हायपोक्लोराइट असेल, बाटलीवर सुमारे ५ टक्के लिहिलं असेल आणि तारीख जुनी नसेल तर लिटरला दोन थेंब, गढूळ असेल तर चार, अर्धा तास. पण ते बाटलीत बसल्या बसल्या कमजोर होतं, म्हणून माझा भर पावडरीवर. आणि ब्लीच व संडास साफ करायचं ॲसिड एकत्र कधीच नको, क्लोरिन वायू सुटतो. पुरानंतर घरं धुताना नेमकं हेच होतं.

गढूळ पाण्यात क्लोरिन घालून उपयोग नाही, गाळच ते गिळतो. आधी तुरटी. २० लिटरला अर्धा ते एक ग्रॅम (एक-दोन हरभऱ्यांएवढी), वाटीत विरघळवून. मिनिटभर जोरात ढवळा, पाच मिनिटं हळू, तासभर हात लावू नका. मग जुन्या सुती साडीच्या आठ पदरांतून गाळून क्लोरिन. माझं नाव ज्यावरून घेतलं ती निवळीची बी भांड्याच्या आतून घासली की पाणी खरंच निवळतं, पण त्यातले जंतू मरत नाहीत. उकळण्याला मात्र तोड नाही. खळखळून उकळी एक मिनिट पुरे, गॅस पुरवायचा तेवढा.

उन्हात ठेवलेल्या पारदर्शक बाटल्यांची युक्ती मे महिन्यापुरती. कडक उन्हात सहा तास, ढगाळ असेल तर दोन दिवस लागतात. बाटली वर्तमानपत्राच्या मथळ्यावर उभी ठेवून वरून मथळा वाचता आला नाही तर ते पाणी या कामाला गढूळच. जुलैत कोकणात हे विसरा.

फेज-न्यूट्रल
शनिवार, संध्याकाळी ६:२०

उजेडाचं मी घेतो. आधी खर्च लिहा, मग बॅटरी निवडा. बारा व्होल्टचे ५ वॅटचे तीन दिवे पाच तास: ७५ वॉट-तास. दोन मोबाइल: ३०. बारा व्होल्टचा २० वॅटचा पंखा सहा तास: १२०. एकूण २२५. पंखा काढला की १०५. पंख्यावर घरात मतभेद होतील ते आपापसांत मिटवा.

लिथियम आयर्न फॉस्फेटची १२.८ व्होल्ट, ५० अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे ६४० वॉट-तास. त्यातले ८० टक्के वापरायचे, म्हणजे ५१२. एका चार्जवर पंख्यासकट दोन दिवस, पंखा नसेल तर पाच दिवसांच्या आसपास. सोलर पॅनलकडून पावसाळ्यात जास्त अपेक्षा नको. गच्च ढगांच्या दिवशी १०० वॅटचं पॅनल जेमतेम ७५ ते ११० वॉट-तास देतं. म्हणून १०० वॅटची दोन पॅनल समांतर आणि २० अँपिअरचा चार्ज कंट्रोलर (पॅनलमधून बॅटरीत जाणारी वीज आवरणारा डबा). ३६ सेलची, बारा व्होल्टवाली पॅनल घेतलीत तर स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलर (पॅनलचे व्होल्ट बॅटरीच्या व्होल्टांवर ओढणारा साधा प्रकार) चालतो. गच्चीवरचं ३३०-५०० वॅटचं मोठं पॅनल पीडब्ल्यूएमला जोडलंत तर निम्म्याहून जास्त वीज वाया. त्याला एमपीपीटीच (जास्तीचे व्होल्ट वाया न घालवणारा कंट्रोलर) हवा.

जोडण्याचा क्रम: आधी बॅटरी कंट्रोलरला, मग पॅनल. काढताना उलट. पॅनल आधी जोडलं की बरेच कंट्रोलर १२ ऐवजी २४ व्होल्ट समजतात किंवा जळतात. कंट्रोलरमध्ये लिथियम मोड निवडा: चार्ज १४.२ ते १४.४ व्होल्ट, इक्वलायझेशन (मुद्दाम जास्त व्होल्टने चार्ज करणं) बंद. तो शिसे-ॲसिडच्या सेटिंगवर राहिला तर कधीतरी १४.८ च्या वर नेतो, बॅटरीतला बीएमएस (संरक्षणाचं सर्किट) जोडणी तोडतो, आणि लोक बॅटरी खराब म्हणून दुकानात घेऊन जातात.

फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून १५-२० सेंमीच्या आत, आणि वायर झेपेल तेवढाच: ४ चौमिमी वायरला २० अँपिअर. गाडीच्या सामानाच्या दुकानात मिळतो तो पात्याचा फ्यूज उत्तम. घरातला साधा एमसीबी इथे नको. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी तुटते, डीसीत तुटत नाही.

वायर जाड का? पाच मीटर अंतर, १० अँपिअर, २.५ चौमिमी: जाता-येता मिळून ०.७ व्होल्ट वायरमध्येच खर्च. २३० व्होल्टात हे कळतही नाही, बारात सहा टक्के.

कणगी
शनिवार, संध्याकाळी ७:०५

घरात १५० अँपिअर-तासाची ट्युब्युलर बॅटरी आणि इन्व्हर्टर आधीच आहे. मग वेगळं कशाला?

फेज-न्यूट्रल
शनिवार, रात्री ८:३०

कणगीताई, बॅटरी वापरा, इन्व्हर्टर नको. नुसता चालू ठेवलेला इन्व्हर्टर १० ते २० वॅट स्वतःच पितो, दिवसाला २४० ते ४८०. म्हणजे तुमच्या दिव्यांपेक्षा जास्त. बॅटरीवर फ्यूज लावून बारा व्होल्टची वेगळी लाइन ओढा, दिवे त्यावर. या बॅटरीतले निम्मेच, म्हणजे ९०० वॉट-तास धरा. पूर्ण चार्ज झाल्यावर हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजायची नळी) १.२४० च्या आसपास यायला हवं. एकाच सेलचा आकडा बाकीच्यांपेक्षा खाली असेल तर तो सेल गेला. डिस्टिल्ड पाणीच घाला, बोअरचं नको, आणि चार्ज होताना हायड्रोजन निघतो म्हणून देवघराच्या समईशेजारी बॅटरी ठेवू नका.

वादळाचा इशारा आला की पॅनल उतरवून घरात. चार नटबोल्ट असे लावा की पान्हा एकच लागेल.

जनरेटरवाल्यांसाठी दोनच गोष्टी. खिडकीपासून दूर, बाहेर. पडवीतसुद्धा नको, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि दोन्हीकडे प्लग असलेली वायर करून सॉकेटमधून घरात वीज सोडू नका: डीपीवरून (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवरून) ती उलटी चढून ११,००० व्होल्ट होते आणि खांबावर काम करणारा वायरमन मरतो. चेंजओव्हर स्विच बसवा.

पूर उतरल्यावर: बुडालेले एमसीबी, आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा स्विच), बाकीचे स्विच बदलायचेच. वायरिंग वाळवून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) बघा, एक मेगओहमच्या खाली आलं तर मेन चालू करायचा नाही.

खडूस मिस्त्री
शनिवार, रात्री ९:१०

वरच्या दोन्ही प्लगवाल्या वायरीला आमच्याकडे 'यमाची वायर' म्हणतात. तरी दर वादळात मागणारे येतात.

कणगी
रविवार, सकाळी १०:१५

धान्य. चौघांना सात दिवसांसाठी तांदूळ-गहू मिळून १० किलो, डाळी-कडधान्य ३ किलो, तेल दीड लिटर, गूळ, मीठ, पोहे, शेंगदाणे. हे काही अवघड नाही. अवघड आहे ते सोंडे न लागता ठेवणं.

सगळा खेळ ओलाव्याचा. गहू-तांदूळ १२ टक्क्यांच्या खाली, डाळी १० च्या आसपास. यंत्र नसेल तर मिठाची परीक्षा: कोरड्या काचेच्या बरणीत तव्यावर गरम करून गार केलेलं दोन चमचे मीठ आणि एक वाटी धान्य घालून जोरात हलवा, दहा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर धान्य ओलं, आणखी दोन उन्हं द्या. उन्हातून काढलेलं धान्य गार करूनच भरा. गरम भरलं तर डब्याच्या झाकणाला आतून पाणी सुटतं आणि वरचा थर बुरसतो.

तूर, मूग, हरभरा यांना किलोमागे चमचाभर एरंडेल तळहातांनी चोळून. कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवलेला हवा. हिरवा घातलात तर ओलावा तुम्हीच आत नेलात.

सात दिवसांपुरतं एवढं बास. वर्षाचं ठेवायचं असेल तर हवाबंद पिंप आणि ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या. २० लिटरचा डबा गव्हाने भरला तरी दाण्यांमध्ये साधारण ४० टक्के, म्हणजे आठ लिटर हवा राहते. तिच्यात १.७ लिटर ऑक्सिजन, म्हणून २००० सीसीची पुडी. ५०० ची घालून लोक फसतात.

तिरफळ
रविवार, सकाळी १०:४०

डब्यात मेणबत्ती लावून झाकण बंद केलं की ऑक्सिजन संपतो ना? पुडीचे पैसे वाचले. आणि तांदळाला बोरिक पावडर?

कणगी
रविवार, सकाळी ११:२०

मेणबत्ती ऑक्सिजन १६ टक्क्यांच्या आसपास आला की विझते. सोंडा तेवढ्यात मजेत जगतो. शिवाय मेणबत्ती जळताना पाण्याची वाफ सोडते, ती तुमच्याच धान्यात.

बोरिक पावडर पोटात जायची वस्तू नाही, मुलं असलेल्या घरात तर नकोच. थोडा तांदूळ असेल तर चार दिवस फ्रीझरमध्ये, मग बंद पिशवीतच बाहेरच्या तापमानाला आणून डब्यात. आणि धान्याच्या दुकानात मिळणाऱ्या 'गोळ्या' घरात आणूच नका. त्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि झोपलेली माणसं उठत नाहीत.

पानपिशी
रविवार, दुपारी ३:५०

वाचनाचं कुणीच घेतलं नाही म्हणून मी.

मोबाइल बंद पडेल त्या दिवशी उपयोगी पडायचं ते कागदावरच हवं. इंटरनेटवरचे शंभर व्हिडिओ साठवण्यापेक्षा चार गोष्टी छापून ठेवा. भारतीय मानक ब्यूरोची मानकं त्यांच्या संकेतस्थळावर नोंदणी करून मोफत उतरवता येतात: छपरावरच्या पाण्यासाठी आयएस १५७९७, पिण्याच्या पाण्यासाठी आयएस १०५००, वायरिंगला आयएस ७३२, अर्थिंगला आयएस ३०४३. भाषा रुक्ष आहे, पण आकडे पक्के. पूर्ण छापू नका, ७३२ तर जाडजूड आहे. आपल्या कामाची पानं तेवढी.

वैद्यकीय बाजूला डेव्हिड वर्नरचं 'व्हेअर देअर इज नो डॉक्टर'. ते आधी स्पॅनिशमध्ये, मेक्सिकोच्या डोंगरातल्या खेड्यांसाठी लिहिलं गेलं. म्हणून दवाखाना दूर असणं त्यात गृहीत आहे. औषधांची मात्रा मात्र जुन्या आवृत्तीतून घेऊ नका.

एक पान हाताने लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. त्यावर: जलसंजीवनी, १ लिटर शुद्ध पाणी, ६ सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ (मीठ जास्त झालं तर घातक, चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ओतून द्या). जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, तातडीला ११२. क्लोरिनच्या मात्रा निवळींच्या प्रतिसादातून. आणि आपल्या नदीचे दोन आकडे. सांगलीकरांना आयर्विनचे ४० (इशारा) आणि ४५ (धोका) पाठ असतात, कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याचे ३९ आणि ४३. पण तुमच्या उंबऱ्याला पाणी किती फुटांवर लागतं हा तिसरा आकडा कुठल्याच पुस्तकात नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या खुणा भिंतीवर असतील तर त्या दिवसाची पुलावरची पातळी शेजारी रंगाने लिहा.

हवामान खात्याचे रंग वाचताना एक लक्षात घ्या: लाल म्हणजे फक्त खूप पाऊस नव्हे, तर कृती करा. २०४.५ मिमीच्या वर गेला की अतिवृष्टीतला सर्वांत वरचा वर्ग. बातमी ऐकायला सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर ठेवा, मोबाइलमधला एफएम नव्हे. सेल आत ठेवून साठवू नका. फुटून संपर्काच्या पट्ट्या खातात.

पागोळी
रविवार, रात्री ९:३०

धागा वाचनखूण करून ठेवण्याजोगा झालाय. वेळापत्रक असं दिसतंय: मेच्या उन्हात धान्य, रोहिण्या निघायच्या आत पन्हळ, मृगाआधी पिंपं घासून पहिल्या दोन सरी सोडून भरणं. बॅटरीचं फेज-न्यूट्रल म्हणतील तेव्हा.

फेज-न्यूट्रल
रविवार, रात्री ९:५५

मेमध्येच. पूर्ण चार्ज करा, दिवे लावा, आणि एक रात्र मेन स्विच पाडून बघा. कुठला दिवा उलट्या टोकांनी जोडलाय ते तेव्हाच कळतं. लिथियम बॅटरी हिवाळ्यात पडून राहणार असेल तर ५०-६० टक्क्यांवर ठेवा, भरून नाही.

तिरफळ
रविवार, रात्री १०:२०

मिस्त्रीबुवा, उभ्या पाइपाची आट्यांची कॅप आज लावली. गळतेय. सोल्युशन लावू का?

खडूस मिस्त्री
रविवार, रात्री १०:३२

सोल्युशन लावलंत तर ती आट्यांची कॅप राहिली कुठे? काढा, आटे कोरडे पुसा, टेफ्लॉन टेप कॅप फिरते त्याच दिशेने आठ-दहा वेढे, आणि हातानेच घट्ट करा. पान्ह्याने नको, चीर जाते. तरी गळली तर आतला रबरी वॉशर उलटा बसलाय.